मोठ्या बाबांची बंदूक आणि तेवीस वर्षं चुकलेला हिशोब



मी मोहगावचा. तालुका सौंसर, जिल्हा तेव्हा छिंदवाडा, आता २०२३ पासून पांढुर्णा. १९५६ साली आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण घरातली भाषा काही बदलली नाही. बी.कॉम. केलं, बँकेत लागलो, निवृत्त झालो. इतिहासाचा मी अभ्यासक नाही. पण आज जी गोष्ट सांगतो आहे ती समजायला थोडा इतिहास लागतो. विषय जरा वेगळा आहे, बंदुकीच्या दारूचा. शेवटपर्यंत वाचा, कारण यात आमच्या घराकडून एका गरीब माणसावर अन्याय झाला, आणि त्यात माझाही वाटा आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी एक ठासणीची बंदूक होती. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, यांच्या नावावर तिचा परवाना होता, पीकरक्षणाचा. ज्वारी कणसात आली की रानडुकरं आणि रोही रात्री शेतात शिरत. मग मोठे बाबा जागलीला जात. बंदूक मारण्यापेक्षा आवाजासाठीच जास्त वापरली जाई. नळीत वरून दारू टाकायची, चिंधी टाकायची, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. धडाम! आणि मग इतका धूर की पुढचं काही दिसू नये. दारू मोजायला त्यांच्याकडे बांबूचं एक छोटं नळकांडं होतं. ते भरलं की एक बार. त्यांच्या वडिलांपासून तेच माप चालत आलं होतं.

१९६३ ची गोष्ट. दिवाळी जवळ आली होती. मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी काळी दारू संपत आली होती. कुणा ओळखीच्या शिकाऱ्याने मोठ्या बाबांना एका डबीत वेगळीच दारू आणून दिली. बाराबोरची जुनी काडतुसं फोडून काढलेली. करड्या रंगाच्या बारीक चकत्या, तिळासारख्या. मोठे बाबा शहाणे माणूस, त्यांनी आधी परीक्षा घेतली. अंगणातल्या विटेवर एकीकडे चिमूटभर काळी दारू ठेवली, दुसरीकडे चिमूटभर नवी. काळीला काडी लावली, भस्सकन उडाली, पांढरा धूर झाला. नवीला लावली तर ती आपली पिवळ्या ज्योतीने आरामात जळत बसली. धूर नाही, आवाज नाही. मोठे बाबा हसले आणि म्हणाले, "हे तं लयच मऊ हाय रे." मी शेजारी उभा होतो. ते दृश्य मला आजही दिसतं.

त्या रात्री त्यांनी बांबूचं माप भरून घेतलं आणि दारू मऊ म्हणून वर आणखी थोडी टाकली. पहिल्याच बाराला नळी फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि एका कानाने ऐकू येणं कायमचं बंद झालं. बैलगाडीने सौंसर, तिथून छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरचा दवाखाना. जीव वाचला हे नशीब.

आता अपघात झाला म्हणजे दोष कुणाचा तरी हवा. दोन महिन्यांपूर्वी गावच्या लोहाराने त्याच बंदुकीची दुरुस्ती केली होती. टोपी ज्यावर बसते तो छोटा तुकडा झिजला होता, तो त्याने नवीन करून बसवला होता. झालं! लोहाराने नळी कमजोर केली, असं घरात ठरलं आणि मग गावातही ठरलं. मोठी आई त्याच्या दारात जाऊन बोलायचं ते बोलली. आमच्या घरचं त्याचं बलुतं बंद झालं, आमचं पाहून आणखी चार घरांनी बंद केलं. वर्षभरात तो बायको-पोरं घेऊन सावनेरकडे निघून गेला.

नव्या दारूबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ती तर मऊ होती, तिचा काय दोष, असंच मला वाटत होतं.

नंतर १९८६ साल. मी एका शाखेत अधिकारी होतो. आमच्या शाखेचा गार्ड फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, बंदुकांच्या दुरुस्तीचं काम केलेला माणूस. वर्षातून एकदा त्याची काडतुसं मोजून रजिस्टरवर मी सही करत असे. पावसाळ्यात दोन काडतुसं फुगलेली दिसली म्हणून बोलणं निघालं आणि मी मोठ्या बाबांची गोष्ट सांगितली. विटेवरच्या परीक्षेपर्यंत आलो तसा तो खुर्चीतून उठलाच.

"साहेब, ती धूर नसलेली दारू. ती उघड्यावर मऊच जळते. कोंडली की मग तिचा खरा जोर कळतो. नळी कुठून फुटली होती?"

मला सांगता येईना. सुट्टीत गावी गेलो, कोठीतून ती बंदूक काढली. पोलीस ठाण्यात परवाना जमा झाला होता, पण फुटकी नळी कुणी नेली नव्हती. लोहाराने बसवलेला तुकडा जसाच्या तसा होता, घट्ट. नळी त्याच्या चार बोटं पुढे, जिथे दारू ठासली होती तिथे, केळीच्या सालीसारखी उलगडली होती. पुरावा तेवीस वर्षं आमच्याच घरात पडून होता. कुणी पाहिला नाही, एवढंच.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो. समजलं ते थोडक्यात मांडतो.

काळी दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा. शिवकाळापासून १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईपर्यंत सगळं काही याच दारूवर झालं. ती जळली की निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घन राहतो. तोच धूर आणि तीच नळीतली काजळी. म्हणजे शंभर रुपये खर्च केले तर कामाला चाळीस-पंचेचाळीसच आले. पण तिचा एक गुण आहे. ती उघड्यावर असो की कोंडलेली, जळण्याचा वेग फार बदलत नाही. म्हणून बांबूच्या मापात थोडं कमी-जास्त झालं तरी पिढ्यान्‌पिढ्या निभावून गेलं.

नवी दारू मात्र कापसाची. हो, आपल्या शेतात होतो त्याच कापसाची! १८४६ साली बाझल शहरातल्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केलं की तीव्र आम्लात मुरवलेला कापूस भयंकर स्फोटक होतो. स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्याने बायकोच्या ॲप्रनने पुसलं, तो शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भडकून नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगतात. पण हा कापूस कुणाच्या आवाक्यात राहीना. १८४७ साली इंग्लंडमधल्या फेवरशॅमचा कारखानाच उडाला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं सगळे याच प्रश्नावर अडकले होते की याला हळू जळायला कसं शिकवायचं.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने उत्तर काढलं. त्याने तो कापूस विरघळवून त्याची कणीक केली, लाटून पातळ पत्रे केले आणि त्यांच्या चकत्या कापल्या. आता दारू फक्त बाहेरच्या पृष्ठभागावरून आत जळणार. चकती पातळ तर लवकर संपणार, जाड तर उशिरा. म्हणजे दारूचा वेग तिच्या आकारावर ठरवता येऊ लागला. १८८७ मध्ये नोबेलने त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून आणखी जोरदार दारू केली. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये एबल आणि ड्युअर यांनी तिच्या दोऱ्या काढल्या आणि दोरीवरून नाव पडलं कॉर्डाइट. भारतात ती बनवायला निलगिरीत अरुवनकाडूला कारखाना निघाला, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. आपल्या भागात भंडाऱ्याच्या जवाहरनगरला १९६४ साली सरकारी कारखान्याची सुरुवात झाली. जिनमधून सरकी वेगळी झाल्यावर तिला जी बारीक लव चिकटून राहते, तीसुद्धा या दारूच्या कामी येते. आपण ज्या कापसाच्या वाती वळतो त्याचाच हा दुसरा अवतार.

या नव्या दारूत दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मोठ्या बाबांचा घात त्या दोन्हींनी केला. एक म्हणजे ती जवळजवळ सगळीच वायू होते, म्हणून तेवढ्याच वजनाला काळीच्या सुमारे तिप्पट काम करते. दुसरी म्हणजे दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी वाढतो. चक्रवाढ व्याजच समजा. विटेवर दाब नाही म्हणून ती मऊ. ठासलेल्या नळीत तिला जागा मिळाली नाही आणि हिशोब हाताबाहेर गेला.

पिस्तूल आणि रिव्हॉल्वरच्या इतिहासात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला जे .४५५ वेब्ली रिव्हॉल्वर असे, त्याचं १८९१ चं काडतूस मुळात काळ्या दारूसाठी बेतलेलं, लांब. पुढे त्यातच कॉर्डाइट भरू लागले. ती थोडीच लागे, काडतूस बरंचसं रिकामं राही आणि ती नीट जळेना. तेव्हा १८९७ साली काडतूसच आखूड केलं. म्हणजे साम्राज्याच्या सैन्यालाही हेच शिकावं लागलं की दारू बदलली तर भांडंही बदलावं लागतं. जुन्या भांड्यात नवी दारू तशीच ओतून चालत नाही.

आपोआप भरणारी पिस्तुलंही याच दारूमुळे शक्य झाली. काळ्या दारूच्या काजळीने तो यंत्राचा खेळ थोड्याच बारांत अडकला असता. सावरकरांनी लंडनहून ज्या वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली आणि त्यातल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ती पिस्तुलं याच नव्या युगाची. खिशात मावणारं शस्त्र, एकामागून एक गोळ्या आणि धुराचा पडदा नाही. आपण इतिहासात माणसांची नावं पाठ करतो, डबीतली दारू बदलली होती हे कुणी सांगत नाही.

दारू निवडायची कशी, हे मला प्रत्यक्ष पाहायला मिळालं २०११ साली, अमेरिकेत. माझा भाचा तिथे असतो, नेमबाजीचा शौक आहे. तिथे कायद्याने मुभा असल्याने बरेच नेमबाज वापरलेली पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरतात. गॅरेजमध्ये त्याचं टेबल होतं, एक हाताने दाबायचं यंत्र आणि एक छोटा काटा. मी म्हटलं, अरे, हा तर सराफी काटा! तो म्हणाला, "मामा, त्याहून बारीक."

तिथे दारू ग्रेनमध्ये मोजतात. सोनेतारण कर्जात आयुष्य गेलेलं असल्याने मी लगेच हिशोब केला. जुना सरकारी तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेएवढा. पिस्तुलाच्या एका काडतुसात चार-पाच ग्रेन जातात, म्हणजे दोन-अडीच गुंजा. एका तोळ्यात चाळीसेक काडतुसं! मोठ्या बाबांचं बांबूचं माप आठवून माझ्या अंगावर काटा आला.

त्याने सांगितलं ते असं. रायफलची नळी लांब, तिला हळू जळणारी दारू लागते, गोळीला शेवटपर्यंत ढकलत नेणारी. पिस्तुलाची नळी वीतभरही नसते, तिथे दारू लवकर जळून संपली पाहिजे. त्याच्याकडे बुल्सआय नावाच्या दारूचा डबा होता. ही दारू १८९८ पासून बनते आहे, पिस्तुलासाठीच. पण वेगवान दारूचा एक धोका असतो. ती इतकी थोडी लागते की काडतुसाच्या तळाशी बसते. चुकून दोनदा भरली गेली तरी वरून पाहताना लक्षात येत नाही. म्हणून नवशिक्याने जरा फुगीर दारू निवडावी, जी एकदा भरली की काडतुसाचा बराच भाग व्यापते. दोनदा पडली तर बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. मला हे फार पटलं. बँकेतही चांगली पद्धत तीच, ज्यात चूक झाली तर ती लपत नाही.

त्याचे नियम तीन होते. टेबलावर एका वेळी एकच डबा. दारू कधीही दुसऱ्या डबीत ओतून ठेवायची नाही. आणि रंगावरून, आकारावरून दारू ओळखायची नाही, कारण दिसायला सारख्या दोन दारूंचा वेग अगदी वेगळा असतो. प्रमाण छापील पुस्तकातूनच घ्यायचं, अंदाजाने नाही. मी म्हटलं, आम्हीही काउंटरवर एका वेळी एकच बंडल सोडायचो. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुमचं बंडल चुकलं तर पगारातून कापतात. इथे बोटं कापतात." मी काही बोललो नाही. त्याला मोठ्या बाबांची गोष्ट माहीत नव्हती. त्या रात्री जेवताना सांगितली.

आता पुन्हा १९८६ कडे. मोठे बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. फुटकी नळी त्यांच्यासमोर ठेवली आणि हवालदाराने सांगितलेलं सगळं त्यांच्या चांगल्या कानाशी बसून सांगितलं. ते बराच वेळ नळीवरून उरलेली बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "लोहाराचा तुकडा तं शाबूत हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "मले जमन्यासारखं नाही. तू जा. सांगून ये."

सावनेरला शोध घेतला. लोहार वारला होता. मुलाचं वेल्डिंगचं दुकान होतं. मी ओळख सांगितली तेव्हा त्याने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला, पण चेहरा बंदच ठेवला. मी नळीचा तुकडा पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला आणि चूक आमची होती, दारूची होती, तुझ्या बाबांची नव्हती, असं सांगितलं. मी तेव्हा शेजारी उभा होतो आणि बोललो नाही, हेही सांगितलं. त्याने तुकडा उजेडात धरून पाहिला. कारागिराचा मुलगा, त्याला एका नजरेत कळलं. एवढंच म्हणाला, "बाबा मरेपर्यंत सांगत होते, भाऊ, की एकदा नळी पाहू द्या म्हणून. कोनी पाहू देली नाही."

तो तुकडा मी त्याच्याकडेच ठेवून आलो. त्या वर्षीच्या दसऱ्याला मोठ्या बाबांनी त्याला घरी बोलावलं. तो आला नाही. पुढच्या वर्षी आला. मोठ्या बाबांनी आधी त्याला सोनं दिलं, मग आम्हाला.

मंडळी, हे सगळं आज लिहायला एक कारण आहे. गेल्या दिवाळीत एका नातेवाइकाच्या जुन्या पेटीत आजोबांच्या वेळची काडतुसं निघाली आणि पोरं ती फोडून आत काय आहे ते पाहायला निघाली होती. ही दारू जुनी झाली की आपोआप कुजते आणि नुसती ठेवलेलीही भरवशाची राहत नाही. फ्रान्सच्या तूलाँ बंदरात १९०७ साली इएना आणि १९११ साली लिबेर्ते ही दोन मोठी लढाऊ जहाजं अशा खराब झालेल्या दारूमुळेच उडाली, असं मानलं जातं. मोठमोठ्या कारखान्यांत, तज्ज्ञ माणसांच्या हाताखालीही हा माल जीव घेतो. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि कामगार गेले, ते आपल्या शेजारचेच होते. मग अंगणातल्या विटेची काय गोष्ट?

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं किंवा बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा कुणाच्या घरी जुनं काडतूस, दारूची डबी, वारशाने आलेली बंदूक असेल तर तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवा. फोडू नका, पेटवून पाहू नका, विहिरीत टाकू नका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आणि घरात काही मोडलं, फुटलं, कुणाचं नुकसान झालं, तर दोष देण्याआधी एकदा नळी उघडून पाहा. आमच्या घराला त्याला तेवीस वर्षं लागली.

तुमच्याकडे जागलीच्या, ठासणीच्या बंदुकीच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्याकडच्या मंडळींनी तर नक्कीच.